लोपीस म्हणजे नक्की काय? लांडगे आमचे पूर्वज का?

गासची_सून
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा घरगुती आहे. आम्ही लोपीस, वसईजवळच्या गासचे, घरात कादोडी आणि बाहेर मराठी. धाकट्या दिरांनी टोरांटोहून एक फ्रेम पाठवलीय, कुठल्याशा साईटवरून मागवलेली, त्यात एक ढाल, ढालीवर दोन लांडगे आणि खाली लिहिलंय लोपेझ घराण्याचं राजचिन्ह. सासूबाईंना ती येशूच्या फोटोशेजारी अजिबात चालत नाहीये, त्या म्हणतात आपण केळी-भाजी पिकवणारी माणसं, आपला लांडग्यांशी काय संबंध. त्यात लेकीला शाळेत परवा संधी शिकवताना 'स्वराचा लोप होतो' आलं आणि तेव्हापासून वर्गातली पोरं तिला लोप पावलेली लोपीस म्हणतायत 😅 तर कुणी जाणकार सांगेल का की हे आडनाव आलं कुठून, आणि लोपीस, लोपेस, लोपेझ हे सगळे एकच का?

उगाच_चौकस
लेकीला सांगा की लोपाशी काही देणंघेणं नाही, लांडग्याशी मात्र आहे. लॅटिनमधे लांडगा म्हणजे लुपुस, त्यावरून माणसाचं नाव पडलं लोपो, स्पेनमधे लोपे. फ्रान्समधे पाचव्या शतकात लुपुस नावाचे एक संत बिशप होऊन गेलेत, म्हणजे हे नाव चर्चलाही वर्ज्य नव्हतं. आता शेवटचा 'एस' म्हणजे 'अमक्याचा मुलगा'. लोपोचा तो लोपेस, फर्नांदोचा फर्नांडिस, रोड्रिगोचा रॉड्रिग्ज, गोन्सालोचा गोन्साल्विस. स्पॅनिश लोक तेच झेड लावून लिहितात म्हणून जेनिफरबाई लोपेझ. आणि लिस्बनला आज उच्चार ऐकाल तर तो लॉपिश असा काहीसा येतो, त्यामुळे आपलं लोपीस बिघडलेलं वगैरे नाही, उलट जवळचंच आहे.

सुरुवातीला हे आडनाव नव्हतंच मुळी, आपण मधे वडलांचं नाव लावतो ना तसंच होतं, दर पिढीला बदलायचं. पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो हेन्रिकेस, का तर बापाचं नाव हेन्रिक. पुढे कधीतरी हे गोठलं आणि लोपोचा नातू, पणतू सगळेच लोपेस व्हायला लागले.

गंमत म्हणजे गोव्यातलं लोबो, तेही लांडगाच. लॅटिनमधल्या प चा पोर्तुगीजमधे ब झाला आणि लुपुसचं लोबो झालं, पण माणसाच्या नावात तो प तसाच टिकून राहिला.

मांडवीकाठ
वरचं सगळं बरोबर, पण ते पोर्तुगालच्या लोपीसांचं झालं, गासच्या नाही. कुठल्या लोपोचा रक्ताचा मुलगा गासला आला आणि त्याचे हे वंशज, असं समजू नका. वसई १५३४ मधे गुजरातच्या बहादूरशाहानं तहात पोर्तुगीजांना दिली, ती १७३९ ला चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत त्यांच्याकडे होती. त्या काळात फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्र्यांनी बाप्तिस्मे दिले, गोव्यात तर १५१० पासूनच सुरू होतं, आणि ज्याचा बाप्तिस्मा व्हायचा त्याला बहुतेक वेळा धर्मपित्याचं (म्हणजे गॉडफादरचं) नाहीतर पाद्र्याचं आडनाव मिळायचं. आमच्याकडे कोकणीत धर्मपित्याला पाद्रीन म्हणतात. म्हणजे तुमच्या आडनावात तुमचा बाप नाही, त्या दिवशी जो धर्मपिता म्हणून शेजारी उभा होता तो आहे. म्हणून तर एकाच गावात दोन लोपीस घरं असतात आणि त्यांचं एकमेकांशी काडीचं नातं नसतं.

आणि ताई, तुम्ही लोक स्वतःला कुपारी म्हणवता ना? तो शब्द पोर्तुगीज कोंपाद्रे वरून आलाय असं सांगतात, आणि कोंपाद्रे म्हणजे मुलाचा बाप आणि धर्मपिता यांचं आपसातलं नातं. आडनावातही तोच आणि समाजाच्या नावातही तोच, मला तर हे त्या लांडग्यांपेक्षा भारी वाटतं.

खवचट_भाऊ
फ्रेमवाल्यांनी दिरांना टोपी घातली 😂 ती ढाल-बिल युरोपात एखाद्या माणसाला किंवा घराण्याला मिळायची, आख्ख्या आडनावाला नाही. उद्या मी पण पाटील राजचिन्ह विकायला काढतो, ढालीवर बैलजोडी.

मांडवीकाठ
लोपीसांचाच विषय निघालाय तर एक सांगतो, थोडं अवांतर. फेर्नांव लोपेस नावाचा एक शिपाई पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कबरोबर गोव्यात आला होता, तो पुढे फुटून आदिलशाही सरदार रसूल खानाला मिळाला, मुसलमानही झाला. १५१२ ला बाणस्तारीचा किल्ला पडला तेव्हा जीव घेणार नाही असं कबूल करून त्याला ताब्यात घेतलं. जीव घेतला नाही, पण नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापला. नंतर पोर्तुगालला परत जाताना तो वाटेत सेंट हेलेना बेटावर उतरून राहिला आणि मधला थोडा काळ सोडला तर १५४५ च्या सुमारास मरेपर्यंत तिथेच एकटा होता, सोबतीला एक कोंबडा. नेपोलियनला तिथे कैदेत ठेवलं त्याच्या तीनशे वर्षं आधी! आमच्या इकडचा सगळ्यात प्रसिद्ध लोपेस हा असा.

गासची_सून
बाप रे, कोंबडा! हे लेकीला सांगितलं तर ती पोरांना पुरून उरेल. सगळ्यांचे आभार. सासूबाईंना कुपारीचं वाचून दाखवलं तर म्हणाल्या, मग धर्मबापाचा फोटो लावा, लांडग्यांचा कशाला. फ्रेम सध्या जिन्याखाली गेलीय, दिरांना कुणी सांगू नका.

जाता जाता, माझं माहेर डिमेलो. तो मेलो कोण?

उगाच_चौकस
मेलो माणूस नाही हो, गाव आहे. डि म्हणजे 'चा', मेलोचा. डिसोजा, डाल्मेडा पण तसेच, सोझा आणि आल्मेडा ही ठिकाणंच. थोडक्यात तुम्ही माहेरच्या मेलोकर.