कोलोरॅडोची स्की लिफ्ट, पर्यावरण आढावा अन् आपले डोंगर: नेमकं कुणाचं अडलंय?

डेन्वरचा_लातूरकर
परवा लेकरांना घेऊन इथल्या कीस्टोन स्की रिसॉर्टला गेलतो. वरच्या अंगाला बर्गमन बोल नावाच्या उताराची नवी लिफ्ट आहे, एक नंबर. पण शेजारी बसलेला गोरा सांगत होता की ही एक सीझन लेट झाली, कारण काय तर वरचं गवत तुडवलं म्हणून सरकारी वनखात्यानं कामच बंद पाडलं. गवत!! अन् हेच पर्यावरण आढाव्याचं खूळ आपल्याकडं पण घुसायलंय. म्हैसमाळचा डोंगर घ्या, गौताळ्याचं अभयारण्य घ्या, एक रोपवे, चार झिपलाइन, दोन बरी हॉटेलं, पोरांना गावातच कामं लागली असती. पण नाही, आधी परवानगी, मग सुनावणी, मग हरकती. मराठवाडा मागास राहिला तो ह्याच्यामुळंच. पटलं तर शेअर करा.

गौताळ्याकाठी
शेअर नाही करणार दादा, उत्तर देतो, अन् मोठं आहे, चहा घेऊन बसा.

अर्धीच गोष्ट सांगितली तुमच्या गोऱ्यानं. कीस्टोनच्या ह्या कामाला वनखात्यानं आढावा घेऊन २०२१ लाच मंजुरी दिलेली होती. म्हणजे आढाव्यानं अडवलं हे मुळातच खोटं. २०२२ च्या उन्हाळ्यात काय झालं, तर मंजूर आराखड्यात नसलेला रस्ता यंत्रं घालून काढला, झाडांच्या रेषेच्या वरच्या टुंड्रातनं, म्हणजे झाडं उगवत नाहीत अशा थंड माळावरनं, पाणथळ जागेतनं. ते उघड झाल्यावर काम थांबवलं. तिकडची थंडी अन् उगवणीचे चार दिवस बघता ते "गवत" एकदा उखडलं की पुन्हा धरायला कितीतरी दशकं जातात. आणि एवढं होऊन डिसेंबर २०२३ ला लिफ्ट चालू झालीच ना? तुम्ही बसून आलात ना? चोरी पकडली म्हणून उशीर झाला अन् राग पकडणाऱ्यावर.

दुसरं, जमीन कुणाची हे तुम्ही गिळलंच. अमेरिकेतले १२२ स्की एरिया राष्ट्रीय वनजमिनीवर आहेत. १९८६ च्या कायद्यानं ४० वर्षांपर्यंतचा परवाना भेटतो, मालकी नाही. मग जनतेच्या डोंगरावर काय करणार ते जनतेला आधी सांगायचं नाही तर कुणाला? आणि आढावा "नाही" म्हणतच नाही हो. १९८९ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं वॉशिंग्टन राज्यातल्या मेथाव खोऱ्याच्या स्की रिसॉर्टच्या केसमध्येच सांगून टाकलं की पर्यावरण आढाव्याचा कायदा फक्त पद्धत सांगतो, काय नुकसान होईल ते नीट बघा, कागदावर मांडा, मग काय करायचं ते करा. म्हणजे डोळे उघडे ठेवून डोंगर खाल्ला तरी कायदा काही म्हणत नाही. एवढंसुद्धा जड जातंय तुम्हाला?

आमच्या शिवाराच्या वरल्या अंगाला एका बड्या माणसानं फार्म हाऊसला रस्ता काढला. कुणाला विचारलं नाही, कुठं कागद नाही. मुरूम सगळा वढ्यात ढकलला, पहिल्या मोठ्या पावसात तो आमच्या विहिरीत. गाळ काढायचा खर्च कुणी दिला? आम्हीच. तेव्हा सुनावणीचा एक कागद असता तर निदान तोंडावर तरी मारता आला असता.

जर्मनी_नंतर_परभणी
भांडा भांडा. आमच्याकडं डोंगरच नाही, त्यामुळं आम्ही तटस्थ 😄

डेन्वरचा_लातूरकर
@गौताळ्याकाठी दादा, रस्ता चुकीचा काढला असेल, मान्य, पण तुम्ही एकच बाजू घ्यायलात. हे पर्यावरणवाले काय संत आहेत का? ऑक्टोबर १९९८ मध्ये इथल्याच व्हेल स्की रिसॉर्टच्या डोंगरावरचं रेस्टॉरंट अन् लिफ्टची घरं जाळली होती ह्यांच्यातल्याच एका टोळीनं, लिंक्स नावाच्या रानमांजराचं जंगल जातंय म्हणून. १.२ कोटी डॉलरचं नुकसान. आणि तुमचा तो "फक्त कागद" किती असतो माहितीय? शेकडो पानं, वर्षानुवर्षं, मग कोर्ट. मेथावचंच बघा, सुप्रीम कोर्टात जिंकूनही ते रिसॉर्ट शेवटी झालंच नाही. जिंकून हरले. ह्याला अडवणं नाही तर काय म्हणायचं?

गौताळ्याकाठी
जाळपोळीचं समर्थन कुणी केलं? मी? दाखवा कुठं लिहिलंय. आणि जळूनसुद्धा व्हेलचा तो विस्तार २००० च्या जानेवारीत उघडला, हे पण सांगा की.
शेकडो पानांचं रडगाणं जुनं झालं. २०२३ पासून तिथं मोठ्या आढाव्याला दोन वर्षं अन् १५० पानांची मर्यादा आहे, लईच गुंतागुंत असेल तर ३००. मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं पण खालच्या कोर्टांना सांगितलं की खात्याच्या आढाव्यात फार नाक खुपसू नका. तिकडं राहून तुम्हालाच माहीत नाही, कमाल आहे. मेथावमध्ये मोठं रिसॉर्ट झालं नाही, पण सपाटीवरच्या स्कीइंगचे ट्रेल झाले अन् लोक तिथं पैसे खर्चून जातात. पर्यटन म्हणजे लिफ्टच, असं कुणी शिकवलं?

येडशीची_ताई
तुम्ही दोघं अमेरिकेतच फिरायलात, इथलं कुणीतरी बोला. लातूरकर भाऊ, तुम्हाला वाटतंय तसं इथं फार काही अडत नाहीये, उलट ढिलं झालंय. १९८० चा वन कायदा २०२३ ला बदलला, १ डिसेंबरपासून लागू. संरक्षित क्षेत्राबाहेरच्या वनजमिनीवर सरकारी सफारी, प्राणिसंग्रहालय, अन् वनखात्याच्या आराखड्यात बसवलेली इको-टुरिझमची कामं आता "वनेतर वापर" (ज्याला केंद्राची मंजुरी लागते) धरतच नाहीत. म्हणजे तुमच्या झिपलाइनला इको लावलं की झालं. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२४ ला सांगितलं की जंगल म्हणजे काय ह्याची १९९६ च्या निकालातली व्यापक व्याख्याच तूर्त चालवा, नाहीतर अजून मोकळं रान होतं.

आणि जंगल उरलंय किती आपल्याकडं? भाऊ, तुमच्या लातूर जिल्ह्यात तर एक टक्कासुद्धा नाही. तरी डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्याचा वाघ चालत चालत आमच्या येडशी रामलिंगच्या जंगलात आला. गौताळ्यात पण मार्च २०२१ ला असाच आलता. शाळेतली लेकरं मला विचारायची, बाई, वाघ इथंच राहील का. त्याला पकडायला पथकं आली, सगळा तालुका फोन घेऊन जंगलात. रस्ता नव्हता म्हणून तरी बिचारा टिकला.

बीड_बायपास
ताई वाघाचं ठीक आहे, पण ज्यांची गुरं खाल्ली त्यांना विचारा. वाघ गोड लागतो तो लांबून.

येडशीची_ताई
भरपाई मिळायलाच पाहिजे, वेळेवर मिळायला पाहिजे, त्यावर माझं दुमत नाही. पण गुराख्याचं नाव घेऊन रोपवे आणू नका. रोपवे आला की पहिलं चराईबंदीचंच कुंपण पडतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

गोदाकाठ
स्कीइंगवरून आठवलं, अॅरिझोनातल्या स्नोबोल स्की रिसॉर्टचं वाचा एकदा. सॅन फ्रान्सिस्को पीक्स म्हणून डोंगर, नवाहो, होपी धरून १३ आदिवासी जमातींचा पवित्र. जमीन सरकारी जंगलाची. बर्फ पडत नाही म्हणून फ्लॅगस्टाफ शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वर नेऊन त्याचा बर्फ करायचा, असला प्रकल्प २००५ ला वनखात्यानंच मंजूर केला. जमाती कोर्टात गेल्या, २००७ ला जिंकल्या, २००८ ला मोठ्या खंडपीठापुढं हरल्या, सुप्रीम कोर्टानं २००९ ला ऐकायलाच नकार दिला. २०१२ च्या डिसेंबरपासून देवाच्या डोंगरावर सांडपाण्याचा बर्फ. उद्या माहूरच्या रेणुकामातेच्या डोंगरावर असं कुणी केलं तर चालेल का?

आता आकडा बघा. दिवसाला १५ लाख गॅलनपर्यंत पाणी, म्हणजे ५७ लाख लिटरच्या आसपास. २०१६ ला मिरजेहून लातूरला जी पाण्याची रेल्वे आली तिची ५० वाघिणींची खेप २५ लाख लिटरची. म्हणजे रोजच्या दोन रेल्वे भरून पाणी, घसरगुंडी खेळायला! लातूरकर, तुमच्या घरचे त्या रेल्वेच्या पाण्यावर होते ना हो तेव्हा?

डेन्वरचा_लातूरकर
होते. आई घागरी घेऊन नंबर लावायची, त्यामुळं मला ती रेल्वे शिकवू नका. अन् पाण्याचंच बोलायचं तर स्कीच्या बर्फाचं बरचसं पाणी उन्हाळ्यात वितळून परत वढ्या-नदीला जातं. लातूरचं पाणी कुठं गेलं ते विचारा ना! मांजरा कोरडा पडेस्तोवर ऊस कुणी लावला?

मांजराकाठचा
आला का शेवटी ऊसावर. वाटच बघत होतो.

डेन्वरचा_लातूरकर
मग खरं बोललं की झोंबतंच. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंच मांडलंय, किलोभर साखरेमागं दोन हजार लिटरच्या वर पाणी. २०१९ ला मराठवाड्यात ऊस बंद करा अशी शिफारस खुद्द विभागीय आयुक्तालयाकडून गेलती. काय झालं तिचं? फाइल बंद. ऊसाला ना आढावा ना सुनावणी, मग माझ्या रोपवेलाच कशाला?

मांजराकाठचा
ऐक आता, शांतपणे सांगायलो. सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता तेव्हा बाजारात चार हजारानं मागत होते, अन् ओलावा जास्त म्हणून त्यात पण कट्टी. काढणीची मजुरी निघाली नाही माझी. ऊसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, तरी आहे, उशिरा का होईना पैसे खात्यावर येतात. मी काय हौसेनं लावतो का? एसीत बसून डॉलर मोजणाऱ्यानं आम्हाला पाण्याचे धडे द्यायचे! तुझ्या बापाच्या रानात काय होतं सांग बरं २०१२ ला? गावात सगळ्यांना माहितीय.

डेन्वरचा_लातूरकर
ऊसच होता. म्हणून तर माहितीय मला. आणि बापावर जायचं काम नाही काका, वयानं मोठे आहात म्हणून थांबतो.

जर्मनी_नंतर_परभणी
मालक थंड घ्या, विषय बर्फाचा होता 🙏

मांजराकाठचा
बर्फ गेला खड्ड्यात. वरच्यांनी जायकवाडीचं पाणी अडवलं तेव्हा कुठं होता तुमचा पर्यावरण आढावा? पाण्याच्या समान वाटपाचा २००५ चा कायदा झाला, जायकवाडी ६५ टक्क्यांखाली असलं तर वरनं पाणी सोडायचं हा मेंढेगिरी समितीचा हिशोब आला, तरी दर दुष्काळी वर्षी कोर्टाची पायरी चढल्याशिवाय थेंब सुटत नाही. अन् सुटलं की वाटेतच मोटारी.

गोदाकाठ
ह्या एका गोष्टीवर काकांशी शंभर टक्के सहमत. बाकी ऊसाचं नाही.

गौताळ्याकाठी
मूळ मुद्दा सोडून सगळा धागा मांजरा धरणात बुडवला तुम्ही. लातूरकर दादा, तुम्ही आत्ताच काय लिहिलंत ते परत वाचा. "ऊसाला ना आढावा ना सुनावणी." म्हणजे आढावा असता तर बरं झालं असतं, हेच ना? मग मी सकाळपासून दुसरं काय सांगायलोय?

डेन्वरचा_लातूरकर
वा, वकील व्हायला पाहिजे होतं तुम्ही. बरं, चला, आढावा घ्या, पण दोन वर्षांत संपवा, अन् सारांश मराठीत, गावातल्या माणसाला कळेल असा. आणि सुनावणी दुपारी बारा वाजता तालुक्याला ठेवून "कुणी आलंच नाही" असं लिहू नका. एवढं झालं तर मी पण हरकत घ्यायला येतो, विमानाचं तिकीट तुम्ही काढा.

बीड_बायपास
सारांश मराठीत द्यायचा हे केंद्राच्या पर्यावरण आढाव्याच्या २००६ च्या अधिसूचनेतच आहे साहेब, अन् सुनावणीला ३० दिवसांची नोटीस पण. आमच्या शेजारच्या गावात खडी क्रशरच्या भानगडीत एक सुनावणी झालती, नोटीस कुठं लावली होती म्हणता? सुनावणीच्या मंडपाला. मंडप सुनावणीच्या दिवशी टाकला.

येडशीची_ताई
😂 हे खरं आहे. ग्रामसभेच्या ठरावाचं पण असंच, सह्या आधी अन् सभा नंतर. म्हणून म्हणते, गौताळ्याच्या भोवतीच्या गावांतली कुणी इथं असतील तर त्यांनी लिहा, हॉटेलं झाली तर त्यात काम भेटेल का नुसती झाडझूड. आम्ही बाहेरचेच बोलायलोय सगळे.

मांजराकाठचा
ताई, ऊसाचा धागा वेगळा काढा. अजून माझं संपलं नाही.