रद्दीच्या कागदात नवा लगदा किती घालावा? पिशवीची घडी फाटायलीय

प्रश्न (वडगाव, बेळगाव):
आम्ही आठ बायका बचतगटातून शाळेच्या जुन्या वह्यांचा हातकागद करतो. ताव दिसायला छान, पण पिशवी केली की बुडाची घडी फाटायलीय. मागच्या आठवड्यात एका मिठाईवाल्यानं ४० पिशव्या परत पाठवल्या. रद्दी बीटरमध्ये (लगदा कुटायच्या यंत्रात) दुप्पट वेळ फिरवून बघितली, तर ताव आणखीच ठिसूळ झाला आणि जाळीतून पाणीही उतरेना. नवा लगदा मिसळा म्हणतात, पण कसला आणि किती? उसाचा बगॅस (रस काढल्यावरचा चोथा) इथं हवा तेवढा मिळतो, चालेल काय?

निपाणीहून:
बगॅस नको, आम्ही करून बघितलाय. आतला भुसा काढा, सोड्यात शिजवा, एवढं करून कागद कडक होतो, चिवट होत नाही.

दांडेलीहून:
ताई, रद्दी जास्त फिरवलीत तिथंच चुकलं. कागद कारखान्यात ३१ वर्षं मी बीटरवरच होतो. कागद एकदा वाळला की तंतूतली बारीक छिद्रं मिटतात. परत भिजवला तरी तंतू पहिल्यासारखा फुगत नाही, शेजारच्या तंतूला नीट धरत नाही. वर फिरवत राहिलं की तुटून पीठ होतं, आणि तेच पीठ पाणी अडवतं.

तुम्हाला लांब तंतू पाहिजे. निलगिरीचा जेमतेम १ मिलिमीटर, पाइनचा ३ च्या आसपास. पण तुम्हाला जमण्यासारखी म्हणजे सुती होजिअरीची (बनियनच्या कापडाची) कात्रणं. आधी काडी लावून बघा. सुताची राख होते, पॉलिस्टरची वितळून गोळी होते. गोळीवालं एक कात्रणही घेऊ नका, ते कागदात धरतच नाही.

कात्रणं बारीक कापून वेगळी फिरवा, भरपूर वेळ. रद्दी फक्त सुटेपर्यंत. मगच दोन्ही एकत्र करा. कात्रणांचं प्रमाण कोरड्या वजनावर धरायचं, बादलीवर नाही. १५, २५ आणि ३५ टक्क्यांचे तीन घाणे काढा आणि कळवा, मी वाट बघतोय.

वडगावहून:
काका, तिन्ही घाणे झाले. १५ ला फारसा फरक नाही. २५ च्या पिशवीत ३ किलो तांदूळ घालून रात्रभर खुंटीला टांगली, सकाळी घडी शाबूत! ३५ चा ताव त्याहून चिवट, पण कात्रणं विकत आणावी लागतात, म्हणून २५ वर थांबलो. रद्दी आता २० मिनिटांत बाहेर काढतो, पाणीही भराभर उतरतंय. उद्या त्याच मिठाईवाल्याकडे नव्या ४० पिशव्या घेऊन जाणार आहे.