स्प्लिंटर सेलचा सिनेमा झाला नाही, ते बरं की वाईट?

रातकिडा

‘स्प्लिंटर सेल’ या व्हिडिओ गेमवरच्या सिनेमात टॉम हार्डी त्यातला हेर सॅम फिशर होणार ही बातमी २०१२ ची. त्याच्या आदल्या वर्षी गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्टने आपल्या गेमवर सिनेमे काढायला वेगळी कंपनीच थाटली होती. पुढे दिग्दर्शक म्हणून डग लायमनचं नाव आलं आणि गेलं. अखेर २०२४ मध्ये निर्माते बॅसिल इवानिक यांनी सांगून टाकलं की प्रकल्प बारगळला. संहिता आणि बजेट, दोन्ही जुळलं नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात नेटफ्लिक्सवर आली ती ॲनिमेशन मालिका.

बऱ्याच जणांचा सूर ‘सुटलो’ असा आहे. मला तो पटत नाही. स्टेल्थ गेमचा, म्हणजे मारामारीऐवजी लपतछपत खेळायच्या गेमचा, सिनेमा जमत नाही असं म्हणायला आधी कुणी तो करून तर बघायला हवा! भाडोत्री मारेकऱ्याच्या गेमवरचा ‘हिटमॅन’ २००७ मध्ये आला, त्यात धुमश्चक्री. २०१५ मध्ये नव्या नटाला घेऊन पुन्हा केला, तरी धुमश्चक्रीच. २०१६ च्या ‘असॅसिन्स क्रीड’कडे १४९२ चा स्पेन होता, आणि सिनेमाचा निम्म्याहून जास्त भाग घालवला आजच्या काळातल्या प्रयोगशाळेत. लपण्याचा भाग तिघांनीही आधीच कापून टाकला आणि नापास झाल्याचं खापर मात्र स्टेल्थवर फुटलं.

करायचं कसं? एक इमारत, एक रात्र. २००२ च्या पहिल्याच गेममधलं सीआयए मुख्यालयाचं मिशन घ्या. लँग्लीत शिरायचं, फितूर माणसाला उचलून बाहेर आणायचं, आणि एकालाही मारायचं नाही, कारण पहारेकरी आपलेच. याच लँग्लीतली तिजोरी १९९६ च्या ‘मिशन इम्पॉसिबल’मध्ये ब्रायन डी पाल्माने दाखवली होती. आवाज वाढला की अलार्म, खोलीचं तापमान वाढलं की अलार्म, जमिनीवर भार पडला की अलार्म. तिन्ही नियम आधी शांतपणे सांगितले, म्हणून पुढे घामाचा एक थेंब पुरला.

तिरकस

तिजोरीचा प्रसंग झकास आहे, मान्य. पण तो एका मोठ्या सिनेमातला एक प्रसंग आहे. त्याच्या आधी आणि नंतर पळापळ, स्फोट, ट्रेनवर हेलिकॉप्टर, सगळं आहे. तुम्ही म्हणताय दीड तास तेच करा.

मूळ अडचण वेगळीच आहे. गेममध्ये गार्ड फेरी मारतो तेव्हा थांबतो कोण? मी. त्याची फेरी मोजतो मी, तो पाठ फिरवतो तेव्हा निघायचं की आणखी एक फेरी जाऊ द्यायची हे ठरवतो मी. सिनेमात ते सॅम ठरवणार आणि मी नुसता बसणार. शिवाय गेममध्ये माणूस चुकून चुकून शिकतो. काही मिशनमध्ये तीन अलार्म झाले की खेळ खलास, मग मागचा सेव्ह उघडून पुन्हा. सिनेमातला सॅम पहिल्याच फेरीत बिनचूक निघाला तर तो अतिमानव, आणि चुकला तर गोळीबार. म्हणजे फिरून तुमच्या त्या ‘हिटमॅन’वरच आलो.

रातकिडा

चुकून शिकणं पडद्यावर येत नाही म्हणता? मग २०१४ चा ‘एज ऑफ टुमारो’ काय होता? मेला की पुन्हा तोच दिवस, पुन्हा तीच चाल, दर वेळी दोन पावलं पुढे. निखळ सेव्ह-लोड! आणि दिग्दर्शक कोण, तर डग लायमन. सॅम फिशरला तसा कालचक्रात टाका असं मी म्हणत नाही. पण प्रेक्षकाला हे व्याकरण कळत नाही, हा मुद्दा निकालात निघाला.

आणि प्रेक्षक ‘नुसता बसतो’ हेही अर्धंच खरं. ज्यूल्स दासँच्या १९५५ च्या ‘रिफिफी’त जवाहिऱ्याच्या दुकानातली चोरी जवळपास अर्धा तास चालते, ना संवाद ना संगीत. वरच्या मजल्यावरून फरशीला भोक पाडतात, त्यातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे पुढचा चुना-माती छत्रीत पडेल, खाली आवाज नाही. अलार्मच्या पेटीत आग विझवायच्या नळकांड्यातला फेस भरतात. बघणाऱ्याचं डोकं सतत चालू राहतं, कारण प्रत्येक हालचाल कशासाठी आहे ते त्याला कळत असतं. गार्डची फेरी मोजण्यापेक्षा हे वेगळं कसं?

दिवाबत्ती

दोघंही कथेवर भांडताय. हा सिनेमा अडेल तो दिव्यांवर.

गेममधला अंधार हा करार असतो. १९९८ च्या ‘थीफ’ गेममध्ये पडद्याच्या तळाशी एक रत्न होतं, तुम्ही उजेडात आलात की ते उजळायचं. स्प्लिंटर सेलमध्ये त्याच कामाला मीटर. मीटर सांगतो ‘दिसत नाहीस’, आणि चार हातांवरचा गार्ड खरंच बघत नाही. खेळणाऱ्याला मात्र सॅम स्वच्छ दिसत असतो. कॅमेऱ्यासमोर हा करार चालत नाही. प्रेक्षकाला सॅम दिसला तर त्याला वाटणार, गार्डला कसा दिसत नाही? दिसलाच नाही, तर तिकीट काळा पडदा बघायला काढलं का?

यावर जुना तोडगा आहे: माणसावर उजेड टाकू नका, त्याच्या मागच्या भिंतीवर टाका. चेहरा काळा, कडा तेवढी उजळ. फ्रेममध्ये कुठेतरी एक झगझगीत दिवा ठेवा, म्हणजे डोळा बाकीचं सगळं आपोआप अंधार धरतो. तो नसेल तर अंधार काळा न दिसता राखाडी दिसतो. आणि शूट करताना चित्र थोडं उजळच घ्या, मग कलर ग्रेडिंगमध्ये खाली आणा. मुळात काळोखात शूट केलेल्या भागात नॉईज येतो, त्यावर स्ट्रीमिंगचं कॉम्प्रेशन बसलं की सावलीचे चौकोनी ठिगळ होतात. २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या रात्रीच्या लढाईवर जगभर ‘काही दिसतच नाही’ अशी ओरड झाली. त्यातली बरीच ओरड घरच्या टीव्हीवर बघणाऱ्यांची होती.

आता सॅमची खासियत घ्या, तो दिवे फोडतो. समजा खोलीत सहा दिवे आहेत आणि प्रसंगात चार जातात. म्हणजे खोलीच्या पाच अवस्था. प्रत्येक दिवा डिमर बोर्डवर (उजेड कमीजास्त करायच्या पाटीवर) वेगळ्या चॅनलवर हवा, प्रत्येक अवस्थेला नंबर हवा आणि तो नंबर संहितेत शॉटशेजारी लिहिलेला हवा. शहाणपण यात की पहिल्या अवस्थेचे सगळे अँगल एकदम उरकायचे, मग दुसऱ्या अवस्थेचे. त्यामुळे नटाला प्रसंग तुकड्यातुकड्यांत, उलटसुलट करावा लागतो. कंटाळून क्रमाने शूट करायला गेलात तर दर अँगलला सगळे दिवे पुन्हा चालू करून पुन्हा फोडत बसा. आणि नंबर चुकला तर ते एडिटिंगच्या टेबलावरच कळतं: मघाशी विझलेला दिवा पुढच्या शॉटमध्ये खिडकीच्या काचेत जळतोय!

राहता राहिला तो सॅमचा अंधारात बघायचा, तीन हिरव्या दिव्यांचा गॉगल. पोस्टरवर भारी दिसतो, खेळणाऱ्याला सॅम कुठे आहे ते कळावं म्हणून उपयोगीही आहे. खऱ्या अंधारात मात्र कपाळावर तीन हिरवे दिवे लावून फिरणारा माणूस पहिल्या वळणावर पकडला जाईल. सिनेमात ते दिवे ठेवलेत तर हसू होईल, काढलेत तर चाहते दंगा करतील.

कानसेन

गॉगलबद्दल थोडी भर. साध्या दोन नळ्यांच्या नाइट व्हिजनमधून साधारण ४० अंशांचाच पट्टा दिसतो. चार नळ्यांच्या महागड्या गॉगलमध्ये तो ९७ अंशांपर्यंत जातो. शिवाय फोकस हाताने लावायचा, लांबचं स्पष्ट केलं की हातातलं कुलूप धूसर. म्हणजे गॉगल घातलेला सॅम सर्वशक्तिमान तर नाहीच, उलट बाजूने आलेला माणूस त्याला दिसणारच नाही. दिवे नकोत, ही मर्यादा पडद्यावर आणा. ताण फुकटात मिळतो.

आता माझा विषय. स्प्लिंटर सेलच्याच २००५ च्या ‘केऑस थिअरी’ या गेममध्ये आवाजाचा मीटर आला. त्यावर परिसराच्या आवाजाची खूण असायची. तुमचा आवाज त्या खुणेच्या खाली असेपर्यंत तुम्ही सुरक्षित. जनरेटरशेजारी पळालात तरी चालेल, शांत गॅलरीत नाही. सिनेमाला हा मीटर काढून दाखवायची गरजच नाही, मिक्सिंगमध्ये तो आपोआप येतो. एसीची घरघर आधी निदान मिनिटभर कानावर पडू द्या, इतकी की प्रेक्षक ती ऐकायचं सोडून देईल. सॅम त्या घरघरीच्या आडोशाने सरकतोय. गार्ड पाच पावलांवर. आणि थर्मोस्टॅट टक् करून कॉम्प्रेसर बंद करतो. सॅमचा एक पाय हवेत. आता तो खाली कुठे टेकवायचा, गालिच्यावर की फरशीवर? बस्स, संवाद नको, बंदूक नको.

बिघडतं कुठे? संगीतकार राहवत नाही म्हणून खाली एक गंभीर ‘घुंऽऽऽ’ लावून ठेवतो. तो सूर म्हणजेच आवाजाचा नवा तळ, मग एसी बंद झाल्याचं कुणाला कळणार? आणि हे सगळं थिएटरसाठी. मोबाइलवर, शेजारी पंखा चालू असताना बघितलं तर यातलं काहीही पोचत नाही.

तिरकस

कानसेन, प्रसंग मस्त रचलात. आता त्याचा हिशोब करू.

हॉलिवूडमध्ये संहितेचं एक पान म्हणजे पडद्यावर ढोबळमानाने एक मिनिट धरतात, आणि शूटिंगचं वेळापत्रक पानाच्या अष्टमांशात मोजतात. ‘सॅम गॅलरी ओलांडतो. एसी बंद पडतो.’ झाला एक अष्टमांश. पडद्यावर तो तीन मिनिटं चालणार आणि त्याला तीस-चाळीस शॉट लागणार: गार्ड, पाय, फरशी, थर्मोस्टॅट, सॅमचं कपाळ, वरून पूर्ण गॅलरी, गार्डला दिसतं ते, सॅमला दिसतं ते. वर दिवाबत्तींच्या पाच अवस्था. दोन माणसं हॉटेलात बसून बोलली असती तर तेवढ्या दिवसांत अर्धा सिनेमा उरकला असता. संहिता वाचणाऱ्या गुंतवणूकदाराला मात्र कागदावर दोन ओळी दिसतात आणि खर्चाच्या रकान्यात मारामारीइतका आकडा. तो विचारणारच, मारामारीच घ्या ना मग? इवानिक ‘संहिता आणि बजेट’ एका दमात म्हणाले ते उगाच नाही.

आकडेही त्याच्याच बाजूचे आहेत. २००७ चा ‘हिटमॅन’ सुमारे अडीच कोटी डॉलरमध्ये बनला आणि दहा कोटींच्या आसपास गोळा केले. शिव्या आपण घातल्या, पैसे त्यांनी मोजले.

बोका४७

आणि २०१५ चा? खर्च साडेतीन कोटी, गल्ला आठ कोटींच्या घरात. खर्च वाढला, गल्ला घटला. धुमश्चक्री हमखास चालते हा हिशोब दुसऱ्याच खेपेला फसला.

धागाकर्त्यांशी माझं भांडण वेगळं आहे. तुम्ही अंधार धरून बसलात. अंधारातलं लपणं हा सिनेमासाठी सगळ्यात अवघड प्रकार. त्यापेक्षा गर्दीतलं लपणं घ्या. २०१८ च्या ‘हिटमॅन २’ या गेममधलं मुंबईचं मिशन बघा. तीन सावज: सिनेनिर्माता दाऊद रंगन, झोपडपट्टीवर राज्य करणारी वान्या शाह आणि वझीर काळे. आडनाव आपलं, पण त्याचा चेहरा कुणालाच माहीत नाही. तो गर्दीतून मोकळा फिरतो, आधी पुरावे गोळा करून त्याला ओळखायचं. मग तोच न्हाव्याकडे दाढीला येतो आणि वस्तरा कुणाच्या हातात असेल ते सांगायला नको. भर दिवसा, सगळे दिवे चालू. वर त्याच वस्तीत दुसरा एक मारेकरी काश्मिरियन बसलाय, डोकं लढवलं तर तुमचं काम त्याच्याच हातून करून घेता येतं.

याचा सिनेमा नायकाच्या बाजूने करूच नका, सावजाच्या बाजूने करा. गेमचा नायक, ४७ नंबरचा टकला मारेकरी, फ्रेमच्या मागे कधी ट्रे घेऊन, कधी टॉवेल घेऊन. संवाद सगळे रंगनकडे. मुका नायक, कंटाळवाणी वाट पाहणं, काळा पडदा, तिन्ही कटकटी गेल्या.

दुसरा_पोर्ट

मेटल गियर सॉलिड या स्टेल्थ गेमचं कुणीच काढलं नाही? त्याच्या सिनेमाची घोषणाही २०१२ चीच, आणि २०२० मध्ये ऑस्कर आयझॅकचं नाव जाहीर झालं होतं. कथा, खलनायक, अलास्कातलं बेट, सगळं सिनेमासारखंच. पण त्यातला सायको मँटिस हा खलनायक तुमचं मेमरी कार्ड वाचतो आणि कंट्रोलर दुसऱ्या पोर्टला जोडल्याशिवाय सहजासहजी हरत नाही. मेरिल या पात्राशी रेडिओवर बोलायची फ्रिक्वेन्सी सीडीच्या कव्हरवर मागच्या बाजूला छापलेली. हे काढून टाकलं तर उरतो एक बरा हेरपट, असे शंभर आहेत. माझं मत तिरकस यांच्या बाजूने.

रातकिडा

बोका, तुमची कल्पना सुरेख आहे, पण त्यात स्टेल्थ उरत नाही, रहस्यकथा उरते. सावजाच्या बाजूने बघताना ‘मी पकडला जाईन’ ही भीती जाते आणि ‘हा कधी मरणार’ एवढंच राहतं. लपणाऱ्याच्या बाजूला बसल्याशिवाय हा प्रकार होत नाही.

मुक्या नायकाची अडचणही खरी नाही. केऑस थिअरीत सॅम मागून गार्डचा गळा धरतो आणि कानात कुजबुजत चौकशी करतो. घाबरलेला गार्ड काहीबाही बोलतो, सॅम कोरडेपणाने टोमणे मारतो. त्यातले कित्येक संवाद मूळ कथेपेक्षा बरे आहेत. शिवाय कानातल्या रेडिओवर त्याचे सहकारी लँबर्ट आणि ग्रिम आहेत. दर दहा मिनिटांनी अशी एक चौकशी ठेवा. तिच्यातून पुढच्या खोलीचे नियमही कळतात: कॅमेरा कुठे, बदली कधी, कुठलं दार कोडवर. तिरकस, यात खर्चही कमी आहे. दोन माणसं, एक कोपरा, एक दिवा.

तिरकस

कोपरा स्वस्त, पटलं. पण चौकशी झाल्यावर त्या गार्डचं काय करणार? गेममध्ये एक फटका, माणूस बेशुद्ध, पाय धरून ओढत अंधाऱ्या कोपऱ्यात. असे सात-आठ झाले की प्रेक्षक विचारेल, नियंत्रण कक्षात वॉकीटॉकीवर कुणी यांची हजेरी घेत नाही का?

रातकिडा

घेऊ द्या की. दर पंधरा मिनिटांनी हजेरी, हा चौथा नियम धरा. पहिला गार्ड पाडला की तिथून घड्याळ सुरू.

कानसेन

आणि दिवे गोळीने फोडू नका एवढं बघा. सायलेन्सर लावलेलं पिस्तूलसुद्धा सव्वाशे डेसिबलच्या आसपास वाजतं, ‘थुप’ वगैरे फक्त सिनेमात. त्यापेक्षा केऑस थिअरीतल्या पिस्तुलाला दिवा काही सेकंद बंद पाडणारं यंत्र होतं, ते घ्या. काच नाही, आवाज नाही, आणि दिवा परत लागायच्या आत सॅमला पलीकडे पोचायचंय.

दिवाबत्ती

हे जमेल. बल्ब फुटत नसेल तर डिमरवर एक बटण, प्रत्येक टेकला तोच दिवा. तिरकसांच्या गुंतवणूकदाराला एवढं तरी सांगता येईल.