सुट्टीत वाचायला काळोख्या, खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्या सुचवा

रातवाचक:
पुढच्या महिन्यात दहा दिवसांची सुट्टी आहे आणि यावेळी ती मनासारख्या वाचनात घालवायची आहे. मला काळोख्या गोष्टी आवडतात, पण नुसता रक्तपात नको. साध्या दिसणाऱ्या माणसाच्या आत काय चाललंय हे हळूहळू कळत जावं, आणि कळायला लागल्यावर पुस्तक खाली ठेवता येऊ नये, असं काहीतरी. डाफ्ने दु मोरिए यांची 'रेबेका' (१९३८) मी तीनदा वाचली आहे. निवेदिकेचं स्वतःचं नाव शेवटपर्यंत कळत नाही आणि मेलेल्या पहिल्या बायकोचं नाव मात्र पानोपानी येतं, हे आठवलं तरी अजून काटा येतो.

मागच्या सुट्टीत एक भलीमोठी कादंबरी नेली होती. मधे दोन दिवस वाचन झालं नाही, आणि परत उघडली तेव्हा कोण कोणाचा भाऊ हेच आठवेना. अर्धवटच राहिली. एक अट आहे: लहान मुलांचे हाल असतील तर आधीच सांगा, मला ते वाचवत नाही. मराठी, इंग्रजी, दोन्ही चालेल.

पानकिडा:
'रेबेका' तीनदा वाचली असेल तर पॅट्रिशिया हायस्मिथ यांची 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' (१९५५) तुमच्यासाठीच आहे. एक श्रीमंत बाप आपल्या मुलाला इटलीहून परत आणायला टॉम रिप्लीला पाठवतो. समुद्र, ऊन, बिनकामाचे लांबलचक दिवस, आणि या सगळ्यात टॉमला त्या मुलाचं आयुष्यच हवंहवंसं वाटू लागतं. काळोख म्हटलं की आपल्याला पाऊस आणि पडका वाडा आठवतो. इथे सगळं लख्ख उन्हात घडतं, म्हणून ते जास्त अंगावर येतं. सगळ्यात वाईट म्हणजे, तो पकडला जाऊ नये असं आपल्यालाच वाटायला लागतं. मी रात्री दोन वाजता पुस्तक मिटलं आणि स्वतःचाच राग आला होता. पात्रं मोजकी आहेत, त्यामुळे मधे खंड पडला तरी धागा सुटणार नाही.

शांतपाणी:
खंड पडण्याबद्दल माझा अनुभव सांगते. 'खुनी कोण' छापाच्या कादंबऱ्यांत वाचन तुटलं की दुवे निसटतात. ज्यांत खून कोणी केला हे आधीच कळतं त्या तुकड्यातुकड्यांनी वाचल्या तरी टिकतात, कारण तिथे ओढ 'का' आणि 'आता पुढे काय' याची असते.

कीगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' (मूळ जपानी, २००५) घ्या. खून सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांसमोर होतो. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक तो झाकायला पुढे येतो, आणि त्याचा जुना भौतिकशास्त्रज्ञ मित्र त्याच्यासमोर उभा ठाकतो. सगळं माहीत असूनही शेवटी मी सुन्न झाले. एक शाळकरी मुलगी त्या प्रसंगात आहे, पण कादंबरी तिच्या हालांवर रेंगाळत नाही.

डोना टार्ट यांची 'द सिक्रेट हिस्टरी' (१९९२) याच जातीची. मित्राला आपणच मारलं हे निवेदक पहिल्याच पानावर सांगतो. जाडजूड आहे, पण मुख्य पात्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. लांब प्रवास असेल तर हीच न्या.

कंदील:
शांतपाणी, अर्धंच पटलं. अगाथा ख्रिस्ती यांची 'अँड देन देअर वेअर नन' (१९३९) 'खुनी कोण'चीच गोष्ट आहे, तरी ती सुट्टीत एका बैठकीत संपते. दहा माणसं, एक बेट, आणि एकेक जण कमी होत जातो. फक्त ज्या दिवशी कुठेच जायचं नसेल त्या दिवशी उघडा.

कपारीतला:
शर्ली जॅक्सन यांची 'वी हॅव ऑल्वेज लिव्ह्ड इन द कॅसल' (१९६२) कोणीच कशी सांगितली नाही? छोटीशी कादंबरी. अठरा वर्षांची मेरिकॅट आपल्या घराबद्दल, बहिणीबद्दल इतक्या मायेनं बोलते की साखरेतल्या विषानं घरातली बहुतेक माणसं गेली आहेत, हे आपण मधेमधे विसरतोच. अशी निवेदिका मला पुन्हा भेटली नाही.

ट्रुमन कपोटी यांचं 'इन कोल्ड ब्लड' अनेक जण सुचवतील. ते थोर आहे, पण सुट्टीत नको. १९५९ मध्ये कॅन्सस राज्यात एका शेतकरी कुटुंबातल्या चौघांची खरोखर झालेली हत्या आहे ती, आणि त्यांतली दोघं किशोरवयीन मुलं होती. तुमच्या अटीत बसत नाही.

झाकोळ:
मराठीतलं एक आग्रहानं: चिं. त्र्यं. खानोलकर यांची 'कोंडुरा'. आपल्याला दैवी वर मिळालाय असं मानणारा माणूस त्या विश्वासापायी कुठवर जातो, याची गोष्ट. श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये तिच्यावर चित्रपट केला, पण आधी पुस्तकच वाचा. खानोलकर म्हणजेच कवी आरती प्रभू, त्यामुळे गद्यही कवितेच्या अंगानं जातं. घाईत वाचलं तर हाती काही लागत नाही. रहस्यकथेसारखी पानं उलटत नाहीत, पण एकदा आत शिरलात की बाहेर यायला वेळ लागतो.

नारायण धारप यांची 'लुचाई'ही थरारक आहे. मात्र ती स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे, आणि मूळ कादंबरीत मुलंही बळी पडतात. तुमच्यासाठी मी ती बाजूला ठेवेन.

रातवाचक:
मनापासून आभार. काल रात्री रिप्ली आणि मेरिकॅट, दोघांचीही पहिली दहा-दहा पानं वाचून पाहिली. मेरिकॅट तिथेच थांबवता आली नाही, पहाटेपर्यंत संपली, त्यामुळे सुट्टीसाठी आता ती उरलीच नाही! रिप्ली प्रवासात वाचणार, मधल्या निवांत दिवसांसाठी 'कोंडुरा', आणि ख्रिस्तीबाईंसाठी शेवटचा अख्खा दिवस राखून ठेवलाय. शांतपाणी, 'सस्पेक्ट एक्स'चा शेवट कुठेही वाचनात येऊ नये म्हणून तिच्याबद्दल काहीच शोधत नाहीये. हायस्मिथ यांचं रिप्लीनंतर काय वाचावं, तेवढं सांगून ठेवा.

पानकिडा:
'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५०), त्यांची पहिली कादंबरी. दोन अनोळखी माणसं आगगाडीत भेटतात आणि एक जण दुसऱ्याला सुचवतो, तुझा खून मी करतो, माझा तू कर. म्हणजे तुला नकोसा झालेला माणूस मी मारतो, मला नकोसा झालेला तू. परतीच्या प्रवासाला ठेवा.