मदत हवी आहे: 'द्विदल राज्यपद्धती' हा शब्द नेमका कुठे वापरायचा?

नमस्कार मंडळी,

राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी उत्तरलेखनाचा सराव करतोय आणि 'द्विदल राज्यपद्धती'पाशी अडलोय. ब्रिटिशांनी प्रांतांच्या कारभारात केलेल्या १९१९च्या सुधारणांत हा शब्द येतो हे ठाऊक आहे. पण काही नोट्समध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट क्लाइव्हच्या बंगालमधल्या व्यवस्थेलाही तोच शब्द चिकटवलाय. त्यात एका लेखात दोन पक्षांच्या युतीला 'द्विदल सरकार' म्हटलेलं वाचलं. दल म्हणजे पक्ष धरला, तर तेही पटतं! व्याख्या पाठ आहे, पण "दिल्लीची शासनव्यवस्था द्विदल म्हणता येईल का?" असा प्रश्न आला की पेन थांबतं. कुणी नीट उलगडून सांगेल का?

प्रतिसाद १

इथे दल म्हणजे पक्ष नव्हे. हरभऱ्याला आपण द्विदल धान्य म्हणतो ना, तसं. दाणा एकच, दलं दोन. सरकार एकच, पण त्याचे दोन भाग वेगवेगळ्या धन्यांना उत्तर देतात. त्यामुळे कुठलंही उदाहरण समोर आलं की आधी विचारा, जबाबदार कोणाला?

१९१९च्या कायद्याने प्रांतांतली खाती वाटली आणि १९२१पासून तसा कारभार सुरू झाला. जमीन महसूल, पोलीस, न्याय, पाटबंधारे, वित्त ही राखीव खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे. त्यांची जबाबदारी वर थेट लंडनच्या भारतमंत्र्यापर्यंत, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यापर्यंत. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती ही सोपीव खाती मंत्र्यांकडे, आणि मंत्री कायदेमंडळाला जबाबदार. मुंबई इलाख्यात शिक्षण खातं रँग्लर परांजप्यांकडे होतं. त्यांच्या काळात १९२३चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला खरा, पण तिजोरीची किल्ली राखीव बाजूला! मद्रासचे मंत्री के. व्ही. रेड्डी नायडू यांची तक्रार तर प्रसिद्धच आहे: विकासमंत्री असून जंगलं हाताखाली नाहीत, शेतीमंत्री असून पाटबंधारे नाहीत. उत्तरात हे उदाहरण घाला, व्याख्येपेक्षा जास्त काम करतं.

युतीचं म्हणाल तर पक्ष दोन असोत की चार, अनुच्छेद १६४ प्रमाणे सगळं मंत्रिमंडळ सामूहिकपणे विधानसभेलाच जबाबदार असतं. धनी एकच, म्हणून ते द्विदल नाही. त्या लेखकाने शब्द कानावरून उचललेला दिसतोय. (विधिमंडळाची दोन सभागृहं असली तर 'द्विगृही' म्हणतात, तो विषयच वेगळा.)

क्लाइव्हसाठी 'दुहेरी राज्यव्यवस्था' लिहा. १७६५मध्ये दिवाणी (महसूल वसुलीचा अधिकार) कंपनीकडे आली, निजामत (पोलीस आणि फौजदारी न्यायाचा कारभार) नावापुरती नवाबाकडे राहिली. पैसा एकाकडे, दोष दुसऱ्याच्या माथी. तिथे एका सरकारची वाटणी नव्हती, दोन सत्ता शेजारी शेजारी होत्या. वॉरन हेस्टिंग्जने १७७२मध्ये ती मोडली.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त दिल्लीचं राहिलंय.

अनुच्छेद २३९ एए प्रमाणे पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन दिल्ली विधानसभेच्या कक्षेबाहेर आहेत. उपराज्यपाल केंद्राचा प्रतिनिधी, मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार. जबाबदारीची कसोटी लावली तर साम्य उघड आहे, आणि टीकाकार तो शब्द वापरतातही. तरी मी सरळ 'द्विदल' लिहिणार नाही. १९२१च्या प्रांतात राखीव खात्यांवर अंतिम सत्ता चालवणारे परकीय होते, त्यांना निवडून देणारा इथला एकही मतदार नव्हता. दिल्लीत दुसरी बाजूही निवडून आलेल्या केंद्र सरकारचीच आहे. 'द्विदलसदृश' लिहून हा फरक एका वाक्यात सांगा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, बरंच मोकळं झालं. एक शेपूट राहिलंय. १९३५च्या कायद्याने द्विदल पद्धत रद्द केली असंही वाचलंय आणि केंद्रात आणली असंही. खरं काय?

प्रतिसाद १

प्रांतांतून काढली, ते १९३७पासून अमलात आलं. केंद्रासाठी, म्हणजे प्रांत आणि संस्थानं मिळून होणाऱ्या संघराज्याच्या सरकारासाठी, तरतूद होती. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार वगैरे विषय गव्हर्नर जनरलच्या हाती राहणार होते. पण संस्थानं पुरेशा संख्येने सामील झाली नाहीत आणि ते संघराज्य अस्तित्वातच आलं नाही. म्हणून उत्तरात 'केंद्रात आणली' लिहू नका, 'तरतूद केली' असं लिहा.