मदत हवी आहे : आत डिजिटल ट्यूनर असलेला ४३ इंची टीव्ही

मंगळवारपेठकर
आईसाठी ४३ इंची टीव्ही घ्यायचाय. कोल्हापुरात राजारामपुरीत दोन दुकानं फिरलो. एक म्हणतो, ट्यूनर (सिग्नल पकडून चॅनेल लावणारा भाग) आतच आहे, सेट-टॉप बॉक्स लागत नाही. दुसरा म्हणतो, बॉक्सशिवाय काही दिसणार नाही. खरं कोण? रविवारी भाऊ गाडी घेऊन येतोय, त्याआधी सांगा.

शाहूपुरीकर
घरात केबल आहे, महिन्याचं पॅक भरायचं डीटीएच आहे की दूरदर्शनची फुकटची फ्री डिश? बजेट? किती फुटांवरून बघणार? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मंगळवारपेठकर
फ्री डिशची छत्री गच्चीवर आहेच. बजेट ३० हजार. खोली लहान आहे, सात-आठ फूट.

नादखुळा_टेक
भावा, छत्री काढून टाक. स्मार्ट टीव्ही घे आणि प्रसार भारतीचं वेव्हज ॲप टाक. दूरदर्शनचे चॅनेल त्यावर लाइव्ह दिसतात.

मंगळवारपेठकर
घरात नेट नाही. आई रिमोटवर नंबर दाबते आणि सह्याद्री लावते, तेवढंच तिला पाहिजे. ॲप नको.

गच्चीवरचा_वायरमन
दादा, दोन्ही दुकानदार अर्धंच सांगतायत. ट्यूनर तीन जातींचे. डीव्हीबी-टी२ टॉवरवरून येणाऱ्या सिग्नलसाठी, डीव्हीबी-सी केबलसाठी आणि डीव्हीबी-एस२ उपग्रहासाठी. तुम्हाला एस२ पाहिजे. नुसतं "डिजिटल ट्यूनर" म्हटलं की यातलं काहीही असू शकतं.
टीव्ही उलटा करून मागची बाजू बघा. पेचदार गोल सॉकेट आणि शेजारी "एलएनबी" (छत्रीवरची सिग्नल पकडणारी डबी) किंवा "सॅटेलाइट" लिहिलेलं पाहिजे. बऱ्याच टीव्हींवर तिथंच १३/१८ व्होल्ट असंही छापलेलं असतं, कारण छत्रीवरच्या एलएनबीला वीज त्याच वायरीतून टीव्ही पुरवतो. हे असेल तर फ्री डिशची वायर थेट लावा, बॉक्स नको, रिमोट एकच.
पैसे भरायच्या डीटीएचला मात्र हे चालत नाही. ते चॅनेल कुलूपबंद असतात, त्यांना त्यांचाच बॉक्स लागतो.

तालमीतला
मुंबईत माझ्या मेव्हण्याकडे साध्या अँटेनावर दूरदर्शन स्वच्छ दिसतं. छत्रीची कटकट कशाला?

गच्चीवरचा_वायरमन
ते डीव्हीबी-टी२. २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबईसह १६ शहरांत सुरू केलं. कोल्हापूर त्या यादीत नव्हतं. इथं अँटेना लावून काही मिळणार नाही.

बावड्याची_ताई
आमच्याकडं केबल आहे. डीव्हीबी-सी असलं तर केबलवाल्याचा बॉक्स परत करता येईल का?

गच्चीवरचा_वायरमन
नाही ताई, केबलचेही चॅनेल कुलूपबंदच येतात. बॉक्स ठेवा.

लक्ष्मीपुरी_इलेक्ट्रिकल
कुठलाही टीव्ही घ्या, पण स्टॅबिलायझर आधी घ्या. पावसाळ्यात लाइट ये-जा करते, पॅनेल गेलं की दुरुस्ती परवडत नाही.

शाहूपुरीकर
ते विचारलेलं नाही. आणि आताचे टीव्ही बऱ्यापैकी मोठा व्होल्टेज फरक सोसतात. मागच्या पट्टीवर मर्यादा छापलेली असते, ती वाचा.
४३ घेताय ते बरं. फ्री डिशवर बहुतेक चॅनेल साध्या एसडीत, म्हणजे कमी बारकाव्याच्या चित्रात येतात, ५५ इंचावर चेहरे पसरट आणि धूसर दिसतात. आणि जुन्या भावाचा अंदाज धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय.

रंकाळाकाठ
धो धो पाऊस आला की छत्रीचा सिग्नल जातो, हे कुणी सांगितलं नाही. २०१९ च्या पुरात पाणी कुठं चढलंय हे कळायला रेडिओच कामाला आला. सेलवरचा रेडिओ घरात असूच द्या.

नादखुळा_टेक
म्हणून तर नेट घे म्हणतोय!

रंकाळाकाठ
पुरात टॉवर बंद पडले होते. नेट कुठलं?

मंगळवारपेठकर
दुकानातून मागच्या बाजूचा फोटो मागवला. "एलएनबी इन" आणि १३/१८ व्होल्ट, दोन्ही आहे. उद्या घेतो. वायर लावल्यावर काय करायचं?

गच्चीवरचा_वायरमन
सेटिंगमध्ये उपग्रह जीसॅट-१५ निवडा. यादीत नाव नसेल तर ९३.५ अंश पूर्व शोधा. एलएनबीची फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६०० ठेवा आणि स्कॅन करा. सिग्नल कमी दाखवला तर छत्री आग्नेयेकडंच आहे ना ते बघा. सह्याद्री सापडलं की आवडीच्या यादीत १ नंबरला टाका, आईंना शोधायला नको.