प्रसिद्धी की कथेचाच भाग?

हल्ली गायकांची प्रसिद्धी म्हणजे रील आणि फुकट पास, अशी तक्रार ऐकू येते. मला त्यात 'नाइन इंच नेल्स' या अमेरिकन रॉक बँडचं २००७ सालचं उदाहरण जोडावंसं वाटतं. 'इयर झिरो' अल्बम येण्याआधी त्यांच्या युरोप दौऱ्यातल्या टी-शर्टवर काही अक्षरं ठळक छापली होती. ती जुळवली की एका वेबसाइटचा पत्ता मिळायचा. लिस्बनच्या कार्यक्रमात चक्क स्वच्छतागृहात पेन ड्राइव्ह सापडला, त्यात अल्बममधलं अजून न आलेलं गाणं! चाहत्यांनीच ते जगभर पोचवलं. मग फोन नंबर, आणखी साइट्स, आणि त्यांतून उलगडत जाणारी भविष्यातल्या हुकूमशाही अमेरिकेची कथा. शेवटी लॉस एंजेलिसमध्ये निवडक चाहत्यांसाठी गुप्त मैफल झाली आणि कथेतल्याच पोलिसांच्या वेषातल्या लोकांनी धाड घालून ती बंद पाडली. तिथे असणाऱ्यांच्या अंगावर काय काटा आला असेल!

हे जमलं, कारण अल्बमचा विषयच तो होता. म्हणून आपल्याकडच्या बँडांनी पेन ड्राइव्हची नक्कल करू नये. आधी आपल्या गाण्यात काय आहे ते बघावं आणि कोडं त्यातूनच काढावं. एवढ्या मोठ्या खेळाला पैसा लागतो, मान्य. पण टी-शर्टवरची चार अक्षरं ठळक करायला फारसा लागत नाही.